पाऊस नसताना पडलेला पाऊस : पॅटर्न ट्रिगर कसा लावायचा, आणि तो काय दाखवत नाही

मागच्या आठवड्यात एक ज्युनियर स्कोपसमोर बसून म्हणाला, "ताई, हा पॅटर्न नावाचा ट्रिगर खरंच कुणी वापरतं का? आम्हाला फक्त एज शिकवलाय." प्रश्न रास्त आहे. बी.ई.च्या प्रॅक्टिकलला आपण फंक्शन जनरेटरची साइन वेव्ह लावतो, ट्रिगर लेव्हलचा नॉब फिरवून ती पडद्यावर स्थिर करतो, जर्नलमध्ये आकृती काढतो, सही घेतो, संपलं. मीही तेवढ्याच भांडवलावर पीएच.डी.ला आले. पॅटर्न ट्रिगर मला लोणावळ्याच्या एका कोरड्या ऑक्टोबरने शिकवला, आणि शिकवताना प्रबंधातलं दीड पान खोडायला लावलं. तुमच्यापैकी जे आता रिसर्चकडे वळताय त्यांच्यासाठी ती गोष्ट सविस्तर लिहितेय. स्कोपची बटणं मॅन्युअलमध्ये सापडतील. ती बटणं कोणत्या क्रमाने आणि कोणत्या शंकेने दाबायची, हे मॅन्युअलमध्ये नसतं.

आधी जागा. लोणावळ्याच्या बाहेर, कुरवंड्याच्या बाजूला एका शेतघराच्या गच्चीवर आमचं छोटं पर्जन्यमापन केंद्र आहे. या भागात पावसाळ्यात एका दिवसात दोनशे मिलिमीटरच्या वर पाऊस पडणं नवलाचं नाही, आणि तोच पाऊस पूर्वेला वडगाव-तळेगावपर्यंत येईतो कितीतरी पटींनी ओसरतो. मावळात राहणाऱ्याला हे सांगायला नको. लोकलमध्ये मळवलीला खिडकी बंद करावी लागते आणि देहूरोडला ऊन असतं. (याच पाण्याच्या जोरावर वळवण, लोणावळा, शिरवटा ही धरणं भरतात आणि १९१५ पासून खोपोलीला वीज तयार होते.) हा उतरता पाऊस मोजणं हा माझ्या कामाचा एक भाग.

मोजणारं यंत्र म्हणजे टिपिंग बकेट. लहान मुलांच्या सी-सॉसारखी दोन चिमुकली भांडी. नरसाळ्यातून आलेलं पाणी एका भांड्यात साठतं, ०.२ मिलिमीटर पावसाएवढं झालं की भांडं कलंडतं, दुसरं वर येतं. कलंडताना एक चुंबक रीड स्विचसमोरून जातो आणि स्विच साधारण दहाव्या भागाच्या सेकंदाएवढा बंद होतो. त्या स्विचपासून बारा मीटर तार खाली लॉगरपर्यंत येते. तार एरवी ३.३ व्होल्टवर, स्विच बंद झाला की शून्यावर. लॉगर तेवढ्या वेळा मोजतो आणि तासातून एकदा मोडेमवरून आकडे पाठवतो. लॉगर दमट हवेत टिकावा म्हणून आमच्याच एका सीनियरने पूर्ण एपॉक्सीत बुडवून ठेवलेला. म्हणजे आतली कुठलीही पिन हाताशी नाही. बाहेर येतात त्या फक्त टर्मिनलच्या तारा आणि अपलोड चालू असताना लागणारा एक दिवा.

ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा. परतीचा पाऊस संपत आलेला, रात्री आकाश स्वच्छ, आणि लॉगरच्या फाइलमध्ये मध्येच कधी रात्री ११ ला ०.२, कधी पहाटे ३ ला ०.४ मिलिमीटर. शेतघर सांभाळणाऱ्या काकांना फोन केला. ते म्हणाले, "पाऊस? अहो, चांदणं पडलंय."

आता इथे मोह बघा. रात्री थंडी, सकाळी गवत ओलं. नरसाळ्यावर दव जमून थेंब आत घसरत असतील, असं मला वाटलं. ०.२ मिलिमीटर हा दवाच्या दृष्टीने अशक्य आकडा नाही. घाटमाथ्यावरचं दव हा छान विषय आहे, त्यावर वाचायला भरपूर आहे, आणि मी उत्साहात दीड पान लिहूनसुद्धा टाकलं. मॅडमनी ते वाचून एवढंच विचारलं, "भांडं खरंच कलंडलं हे तुला कुठून कळलं? लॉगरने सांगितलं ना? लॉगरने काय पाहिलं ते तू पाहिलंस का?"

नव्हतं पाहिलं. म्हणून चार चॅनेलचा स्कोप दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत गुंडाळून शिवाजीनगरहून लोणावळा लोकल पकडली.

पहिली रात्र एज ट्रिगर लावला. रीडच्या तारेवर प्रोब, तार खाली येताना ट्रिगर. सकाळी रेकॉर्डिंगची मेमरी तुडुंब भरलेली, आणि त्यात जवळजवळ सगळं तासातासाला होणाऱ्या अपलोडच्या वेळचं. मोडेम आकडे पाठवायला लागला की रीडच्या तारेवर बारीक बारीक खळगे पडत होते. लॉगर अपलोडच्या वेळी मोजणी बंद ठेवतो, म्हणून त्या खळग्यांनी फाइलमध्ये काही बिघडत नव्हतं. पण त्यांनी माझी मेमरी खाल्ली, आणि मला हवे असलेले दोन-चार क्षण त्या गर्दीत आलेच नाहीत.

एज ट्रिगरची मर्यादा ही. तो एका तारेकडे बघतो. "खाली आली का? घेतला फोटो." त्या वेळी बाकी तारा कशा होत्या, याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

तुम्ही म्हणाल, मग ट्रिगर न लावता स्कोप नुसता चालू ठेवून बघत बसलं तर? इथे एक हिशोब प्रत्येकाने एकदा तरी करावा. समजा तुमचा स्कोप सेकंदाला जास्तीत जास्त ३०,००० वेळा चित्र काढतो, असं जाहिरातीत लिहिलंय. पडद्याची रुंदी १.२ मायक्रोसेकंद ठेवली तर ३०,००० गुणिले १.२ म्हणजे ३६ मिलिसेकंद. एका सेकंदातले ३६ मिलिसेकंद स्कोप बघतो, उरलेला वेळ तो आधीचं चित्र काढण्यात गुंतलेला असतो. म्हणजे ९६ टक्क्यांहून जास्त वेळ डोळे मिटलेले. पडदा सतत हलता दिसतो म्हणून आपल्याला वाटतं की तो सतत बघतोय. उलट, ट्रिगरचं सर्किट एकदा सज्ज झालं की अट पुरी होईपर्यंत डोळा न मिटता बघतं. दुर्मीळ गोष्ट पकडायची तर अट नीट घालणं हाच उपाय आहे.

पॅटर्न ट्रिगर म्हणजे अनेक तारांवरची एकत्र अट. प्रत्येक चॅनेलला तुम्ही एक अक्षर देता. एच म्हणजे तार ठरवलेल्या रेषेच्या वर हवी. एल म्हणजे खाली हवी. एक्स म्हणजे कशीही असो, मला फरक पडत नाही. बऱ्याच स्कोपवर एखाद्या एका चॅनेलला वर जाणारी किंवा खाली येणारी कडाही देता येते. सगळ्या अटी एकाच क्षणी खऱ्या झाल्या की ट्रिगर. कंपनीनुसार नावं बदलतात: टेक्ट्रॉनिक्सच्या मेनूत हे 'लॉजिक'खाली सापडेल, कीसाइट आणि रिगोल 'पॅटर्न' म्हणतात, आणि रिगोलमध्ये पॅटर्न किती वेळ टिकला ही अट 'ड्युरेशन' नावाने वेगळी ठेवलेली असते. नावात अडकू नका, अक्षरं सगळीकडे तीच.

एक गोष्ट मात्र नीट समजून घ्या, कारण निम्मी चूक इथेच होते. एच आणि एल हे स्कोपला आपोआप कळत नाही. प्रत्येक चॅनेलची रेषा तुम्हीच आखायची असते, आणि ती रेषा म्हणजे त्या त्या चॅनेलचा ट्रिगर लेव्हल. एज ट्रिगर वापरताना एकच लेव्हल लावायची सवय असते, त्यामुळे बाकीचे चॅनेल शून्य व्होल्टवर तसेच राहून जातात. मग शून्याच्या आसपास थरथरणारी तार कधी एच, कधी एल, आणि पडद्यावर निव्वळ कचरा. ३.३ व्होल्टच्या सीमॉस तारेला मध्यावर, १.६५ च्या जवळ रेषा आखा. जुन्या ५ व्होल्टच्या टीटीएलला १.४ च्या आसपास, कारण तिथे ०.८ च्या खाली शून्य आणि २ च्या वर एक धरतात. प्रोबवर १०-एक्स आणि मेनूत १-एक्स असेल तर सगळ्या रेषा दहापट चुकतील, हेही एकदा तपासून घ्या.

आणि याच रेषेचा एक सुंदर उपयोग आहे. तार डिजिटल असायलाच हवी असं नाही. मोडेमला बॅटरीकडून येणारा पुरवठा एरवी ४ व्होल्ट. मोडेम प्रक्षेपण करतो तेव्हा तो क्षणभर २ अँपिअरपर्यंत प्रवाह ओढतो आणि पुरवठा ३.५ पर्यंत बसतो. मी त्या तारेची रेषा ३.७५ वर आखली. आता एच म्हणजे मोडेम गप्प, एल म्हणजे मोडेम बोलतोय. ॲनालॉग तारेचा हो-नाही असा साक्षीदार झाला.

माझा संशय आता तुम्हाला कळला असेल. मोडेम फक्त आपण सांगू तेव्हाच बोलत नाही. घाटात सिग्नल अशक्त असतो. मोडेम मधूनच टॉवरकडे आपली नोंद पुन्हा करतो, या टॉवरवरून त्या टॉवरवर जातो, आणि सिग्नल अशक्त म्हणून पूर्ण ताकदीने ओरडतो. या वेळी अपलोडचा दिवा बंद असतो आणि लॉगर मोजणी चालू ठेवून बसलेला असतो.

म्हणून दुसऱ्या रात्रीची मांडणी अशी केली:

चॅनेल १, रीडची तार: खाली येणारी कडा.
चॅनेल २, मोडेमचा पुरवठा: एल.
चॅनेल ३, अपलोडच्या दिव्याची तार: एल, म्हणजे अपलोड चालू नाही.
चॅनेल ४: एक्स.

चौथ्या चॅनेलवर काय? तिथे मी एक प्रोब टोक त्याच्याच ग्राउंड क्लिपला जोडून रीडच्या प्रोबशेजारी ठेवला होता. प्रोब आणि त्याची ग्राउंडची शेपटी मिळून एक छोटा अँटेनाच होतो. रीडच्या तारेवर दिसणारा खळगा खरंच तारेवर आहे की माझ्या प्रोबनेच हवेतून उचललाय, हे ठरवायला शेजारचा बांधलेला प्रोब लागतो. त्यावरही खळगा दिसला तर दोष मोजमापाचा. एक्स म्हणजे "नको" असा अर्थ नाही, हे यावरून लक्षात येईल. एक्स दिलेला चॅनेल पडद्यावर दिसतोच, फक्त निवड करताना त्याचं मत विचारलं जात नाही. बघण्याजोगी पण अट न घातलेली तार नेहमी एक तरी ठेवा.

(जाता जाता: चारही प्रोबचे ग्राउंड क्लिप आतून एकमेकांना आणि सॉकेटच्या अर्थिंगला जोडलेले असतात. ते सर्किटच्या एकाच ग्राउंडला लावा. वेगळ्या ठिकाणी लावलात तर प्रोबच्या तारेतूनच शॉर्ट होतं.)

सकाळी पाहिलं तर एकही ट्रिगर नाही. आणि लॉगरच्या फाइलमध्ये रात्री १ वाजून काही मिनिटांनी ०.२ मिलिमीटर, चांगलं ठसठशीत.

त्या सकाळी मी मोडेमला निर्दोष सोडणार होते. खरंच. वहीत लिहिलंसुद्धा: "मोडेमचा संबंध नाही. दवाची शक्यता वाढली." चहा पिऊन परत आले आणि पहिल्या रात्रीच्या अपलोडमधला एक खळगा ताणून मोठा करून पाहिला. तेव्हा दिसलं. मोडेम बोलायला लागताच रीडची तार शंभरेक मायक्रोसेकंदात खाली जाते. पण पुरवठा असा झटकन बसत नाही. मोडेमजवळच्या कपॅसिटरमुळे तो उतरणीवरून घसरत जातो आणि ३.७५ ची रेषा ओलांडायला त्याला आणखी शंभर-दीडशे मायक्रोसेकंद लागतात. मी काय विचारलं होतं? "रीडची तार खाली येते त्या नेमक्या क्षणी पुरवठा खाली आहे का?" उत्तर बरोबर होतं: नाही. त्या क्षणी तो अजून वरच होता. कडेची अट घातली की बाकीच्या तारांकडे स्कोप फक्त त्या कडेच्या क्षणी बघतो. त्यानंतर काय झालं हे तो विचारत नाही.

रिकामा पडदा म्हणजे घटना घडली नाही, असं धरू नका. आधी तुमची अट त्या घटनेला लागू पडू शकते का, हे माहीत असलेल्या उदाहरणावर तपासा. माझ्याकडे ते उदाहरण दर तासाला येत होतं. चॅनेल ३ चं अक्षर एच करून अपलोडच्या वेळी हा ट्रिगर लागतो का, एवढं पाहिलं असतं तर एक रात्र वाचली असती.

तिसऱ्या रात्री कडा काढून टाकली. चॅनेल १ एल, २ एल, ३ एल, ४ एक्स, आणि ट्रिगर पॅटर्न खरा होताच. आता कोण आधी आणि कोण नंतर याला महत्त्व नाही. तिन्ही एकत्र खाली सापडले की पुरे. ट्रिगर मोड 'नॉर्मल'. 'ऑटो' ठेवलात तर काही न घडताही स्कोप थोड्या वेळाने स्वतःच चित्र काढतो, आणि सकाळी तुम्ही रिकाम्या चित्रांच्या ढिगात बसता. 'सिंगल' ठेवलात तर पहिलं चित्र काढून तो झोपतो. होल्ड-ऑफ ५ सेकंद, म्हणजे एकाच प्रसंगाचे शंभर फोटो नकोत. पडद्याची रुंदी २४० मिलिसेकंद, कारण खरी टिप असेल तर तिचे शंभर मिलिसेकंद पूर्ण दिसायला हवेत. माझ्या स्कोपला चारही चॅनेल चालू असताना प्रत्येकी ३० लाख बिंदू मिळतात. २४० मिलिसेकंदांत ते वाटले तर दोन बिंदूंत ८० नॅनोसेकंद. अर्ध्या मिलिसेकंदाचा खळगा बघायला हे भरपूर आहे.

नऊ चित्रं मिळाली. नऊच्या नऊ सारखी: रीडच्या तारेवर ०.५८ मिलिसेकंद रुंदीचे खळगे, एकामागून एक, ४.६ मिलिसेकंदांच्या अंतराने. हे आकडे जीएसएमचा अभ्यास केलेल्याला लगेच ओळखू येतात. टूजी मोडेम सतत बोलत नाही, ४.६१५ मिलिसेकंदांच्या चौकटीत आठ खण असतात आणि तो आपल्या खणात ५७७ मायक्रोसेकंद बोलतो. सेकंदाला सुमारे २१७ वेळा. जुना मोबाइल स्पीकरजवळ ठेवला की फोन यायच्या आधी टर्र-टर्र-टर्र आवाज यायचा ना, तोच हा. भांडं कलंडलं असतं तर शंभर मिलिसेकंदांचा एक सलग खड्डा दिसला असता. तसा एकही नव्हता. चौथा चॅनेल सपाट, म्हणजे खळगे खरंच तारेवरचे. रीडची तार बारा मीटर लांब, मोडेमच्या अँटेनाजवळून जाणारी, आणि वर तिला फक्त १०० किलोओहमचा पुल-अप. इतकी अशक्त तार कुणीही ओढावी.

नऊपैकी चार चित्रांच्या वेळी लॉगरने पाऊस नोंदवला होता, पाच वेळा नाही. याने मी थोडा वेळ गोंधळले. मग त्या पाच चित्रांत खळग्याचा तळ मोजला: १.२ ते १.४ व्होल्ट. उरलेल्या चारांत तो १ व्होल्टच्याही खाली होता. माझी रेषा १.६५ वर, लॉगरच्या आतल्या चिपची रेषा त्याहून खाली. स्कोपचं एल आणि लॉगरचं एल एकच नसतं.

मी आनंदात मॅडमना चित्रं पाठवली. "झालं! नऊच्या नऊ वेळा मोडेमच."

त्यांचं उत्तर आलं: "पुरवठा खाली असेल तरच चित्र घे, असं तू स्कोपला सांगितलं होतंस. मग नऊच्या नऊ चित्रांत पुरवठा खाली दिसला यात नवल काय? पुरवठा वर असताना किती झाले?"

या प्रश्नासाठी मी हा लेख लिहायला घेतला. पॅटर्न ट्रिगरच्या अटीत तुम्ही आपला संशय लिहिता, आणि मग स्कोप फक्त त्या संशयाला जुळणारे पुरावे आणून देतो. गर्दी कमी करायला अट लागतेच, ती चूक नाही. पण त्या अटीने जे गाळलं गेलं ते मोजल्याशिवाय निष्कर्ष काढता येत नाही. खळग्यांचा आकार आणि ४.६ मिलिसेकंदांचं अंतर हा भक्कम पुरावा होता, कारण तो माझ्या अटीत नव्हता. "नऊच्या नऊ" हा मात्र पुरावाच नव्हता.

या शंकेला जुना इतिहास आहे. दोन गणक एकाच क्षणी वाजले तरच नोंद घ्यायची, ही युक्ती वॉल्थर बोथे आणि हान्स गायगर यांनी १९२४-२५ च्या सुमारास वापरली. १९३० मध्ये ब्रूनो रॉसीने व्हॅक्यूम ट्यूबचं एक सर्किट प्रसिद्ध केलं, ज्यात तीन किंवा जास्त गणक एकदम वाजल्याची नोंद होत असे. तुमच्या स्कोपमधला पॅटर्न ट्रिगर म्हणजे त्याच सर्किटचा पणतू. विश्वकिरणांचं सगळं शास्त्र या युक्तीवर उभं राहिलं. बोथेंना त्यासाठी १९५४ चं नोबेल मिळालं. आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने ब्रिटिश आणि जपानी संशोधकांबरोबर कोलारच्या सोन्याच्या खाणीत, जमिनीखाली दोन किलोमीटरहून खोल, १९६५ मध्ये वातावरणातल्या न्यूट्रिनोंच्या खुणा पकडल्या, त्याही अशाच एकत्र वाजण्यावर.

या मंडळींनी पहिल्यापासून एक हिशोब ठेवला: योगायोगाने किती वेळा एकत्र वाजतील? दोन गणक सेकंदाला N१ आणि N२ वेळा वाजत असतील आणि "एकाच क्षणी" म्हणजे τ एवढा वेळ धरला असेल तर निव्वळ योगायोग सेकंदाला २ × τ × N१ × N२. दोन्ही गणक सेकंदाला १०० वेळा आणि τ एक मायक्रोसेकंद घेतलात तर सेकंदाला ०.०२, म्हणजे तासाला ७२ खोट्या जोड्या. त्या वजा केल्याशिवाय कुणी आपला आकडा छापत नसे.

म्हणून पुढच्या रात्री मी दोन उलटे प्रश्न विचारले. पहिला: चॅनेल १ एक्स, २ एल, ३ एल. म्हणजे मोडेम आपणहून किती वेळा बोलतो, रीडची तार काहीही करो. रात्रभरात चौदा वेळा, दर वेळी दोन-तीन सेकंद, आणि त्यातही आठातला एकच खण. सगळं मिळून बारा तासांत मोडेम जेमतेम चार-पाच सेकंद बोलत होता. रीडच्या तारेवरचे खळगे मोडेमशी असंबंधित असते तर ते नेमके त्या चार-पाच सेकंदांत पडण्याची शक्यता दहा हजारात एकाच्या आसपास. आता कुठे वाक्य लिहिता येण्याजोगं झालं.

दुसरा प्रश्न, मॅडमचा: चॅनेल १ एल, २ एच, ३ एल. मोडेम गप्प असताना रीड कधी खाली जातो?

याची चित्रं आली नसती तर मला फार बरं वाटलं असतं. पण संध्याकाळी परतीच्या पावसाची शेवटची सर आली आणि खऱ्या टिपांनी पडदा भरला. त्यातून एक नवीन गोष्ट कळली. रीड स्विच बंद होताना सुरुवातीच्या मिलिसेकंदात दोन-तीनदा उसळतो, म्हणजे तार खाली-वर-खाली होते. शिवाय मोडेमच्या प्रसंगात पुरवठ्याची रेषा ओलांडायला उशीर लागत असल्यामुळे खळग्याच्या सुरुवातीला क्षणभर "एल-एच-एल" हा पॅटर्नही खरा होतो! म्हणजे माझा उलटा प्रश्नसुद्धा मोडेमचेच प्रसंग "मोडेम गप्प" म्हणून गोळा करत होता.

इथे वेळेची अट कामाला येते. पॅटर्न नुसता खरा होऊन चालणार नाही, तो अमुक एवढा वेळ खरा राहिला पाहिजे. भोर घाट उतरणारी गाडी आठवा. १ ला ३७ चा उतार, आणि ब्रेक सुटलेल्या गाडीसाठी चढावर नेऊन थांबवणाऱ्या कॅच सायडिंग. तिथले सांधे एरवी त्या आडमार्गाकडेच लावलेले असतात. गाडी आली एवढ्यावर मुख्य मार्ग मिळत नाही. ती थांबली, उभी राहिली, ताब्यात आहे हे दिसलं, की मग सांधे फिरतात. क्षणभर दिसलेल्या गोष्टीवर विश्वास ठेवायचा नाही, टिकलेल्यावर ठेवायचा.

मीही तेच केलं: एल-एच-एल हा पॅटर्न २० मिलिसेकंदांपेक्षा जास्त टिकला तरच ट्रिगर. स्विचची उसळी एखाद्या मिलिसेकंदाची, मोडेमचा खळगा अर्ध्याहून थोडा जास्त, दोन्ही गळाले. शंभर मिलिसेकंदांच्या खऱ्या टिपा राहिल्या. वेळेची अट अनेक तारांच्या उशिरांवरही उपाय आहे. प्रोबच्या तारांची लांबी वेगळी असली तरी मीटरला सुमारे ५ नॅनोसेकंद फरक पडतो, आणि वेगवान बसवर तेवढ्यात भलताच पॅटर्न क्षणभर खरा होऊन जातो. तिथे "५० नॅनोसेकंदांपेक्षा जास्त" एवढी अट घातली तरी असली भुतं जातात. किती वेळ घालायचा हे मात्र मनाने ठरवू नका. आधी एज ट्रिगरने तुमच्या खऱ्या आणि खोट्या दोन्ही घटनांची रुंदी मोजा, मग मधली जागा निवडा.

दुरुस्ती अगदीच साधी निघाली, इतकी की सांगायला लाज वाटते. लॉगरच्या टर्मिनलवर बाहेरून ४.७ किलोओहमचा पुल-अप आणि १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, रीडच्या तारेत मालिकेत १०० ओहम, म्हणजे स्विच बंद होताना कपॅसिटरचा सगळा चार्ज त्याच्या संपर्कबिंदूंवर आदळू नये. आणि मोडेमचा अँटेना दोन मीटर दूर. दुरुस्तीनंतरच्या आठवड्यात मोडेम बोलतच राहिला, तार हलली नाही.

आधीच्या तीन महिन्यांच्या आकड्यांचं काय? पावसाळ्यातल्या मोठ्या सरींत महिन्याला काही मिलिमीटर खोटे मिसळले असले तरी एकूण बेरजेला फरक नाही. पण "हलका पाऊस पडलेले तास" हा माझा जो तक्ता होता, तो पूर्ण गेला. त्यात खरे कुठले आणि मोडेमचे कुठले, हे आता कुणालाही सांगता येणार नाही. ते मी तसंच लिहिलं आहे.

आणि दव? २० मिलिसेकंदांच्या अटीचा ट्रिगर मी पुढच्या पाच कोरड्या रात्री चालू ठेवला. चार रात्री काही नाही. पाचव्या दिवशी सकाळी साडेसहाच्या सुमाराला एक चित्र आलं: सलग ९४ मिलिसेकंदांचा स्वच्छ खड्डा, सुरुवातीला दोन उसळ्या, पुरवठा ४ व्होल्टवर स्थिर, चौथा चॅनेल सपाट. भांडं खरंच कलंडलं होतं. काकांना विचारलं, तर त्या सकाळी गच्चीवर कुणी गेलं नव्हतं, पण पत्रा निथळत होता म्हणाले. एका टिपेवर मी काही लिहिणार नाही. या थंडीत नरसाळ्याशेजारी पृष्ठभागाचं तापमान मोजणारा एक सेन्सर लावतेय, चौथ्या चॅनेलवर, एक्स देऊन.